‘वैनगंगा’च्या पोटातला टेलिग्राफ

मी टेलिग्राफ आहे मित्रांनो, पण पोस्टातून तारा पाठवणारा नव्हे. मी युद्धनौकेवरचा टेलिग्राफ. मोठ्या पातेल्याएवढा गोल, पितळी आणि आता पुष्कळ जुना. माझ्या तोंडावर घड्याळासारखी तबकडी आहे. तिच्यावर आकडे नाहीत, हुकूम आहेत : फुल, हाफ, स्लो, स्टॉप. अर्धी तबकडी पुढे जाण्याची, अर्धी मागे येण्याची. मधे एक सुई, बाजूला एक दांडा आणि पोटात एक घंटा. सध्या मी नागपुरात असतो. सदरमधल्या एका बंगल्यात माजी सैनिकांचं छोटं संग्रहालय आहे, तिथे. समुद्र इथून शेकडो मैल दूर. मुलं मला पाहून पहिल्यांदा हेच विचारतात, की हा इथे आला कसा? मला या प्रश्नाचा राग येत नाही. त्यांच्या जागी मी असतो तर मलाही संशय आला असता.

संशयाचीच गोष्ट मला तुम्हाला सांगायची आहे.

माझा जन्म विलायतेत, पितळेच्या एका कारखान्यात झाला. तिथून मला एका विनाशिकेवर बसवलं. विनाशिका म्हणजे वेगाने धावणारी, पाणबुड्यांच्या मागावर जाणारी लढाऊ नौका. पुढे ती भारताच्या आरमारात आली आणि तिचं नाव ‘वैनगंगा’ झालं. तिच्यावर माझ्यासारखे दोघे होते. एक वर, जिथे कप्तान उभे राहत त्या ब्रिजवर. दुसरा खाली, इंजिनांजवळ. कप्तानांना वेग वाढवायचा असला की ते वरच्या टेलिग्राफचा दांडा फिरवत. साखळ्या आणि तारांमधून तो हुकूम खाली येई, खालच्याची घंटा वाजे आणि सुई त्या शब्दावर जाऊन थांबे. खालचा माणूस मग आपला दांडा त्याच शब्दावर नेई. वर त्यांना कळे की हुकूम पोचला.

मी खालचा होतो. मित्रांनो, हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढे पुष्कळ वर्षं हे कोणालाच ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं मी युद्धनौकेवर काढली, पण समुद्र एकदाही पाहिला नाही. मला चार बोल्ट मारून लोखंडी भिंतीवर बसवलं होतं. समोर वाफेचे नळ, तेलाचा वास आणि घामाने निथळणारी माणसं. बाहेर काय चाललं आहे ते आम्हाला कानांनीच ओळखावं लागे. प्रत्येक आवाजाबद्दल आम्हाला शंका यायची. ही लाट आपटली, की काही धडकलं? हा नळ कुरकुरला, की फुटतो आहे?

माझ्यासमोर उभा राहणारा मेकॅनिक होता नत्थू निमजे, नागपूरजवळच्या उमरेडचा. त्याच्या घरी हातमाग होते. मागाचा ठोका ऐकत तो लहानाचा मोठा झाला होता. ठोक्यात जरा फरक पडला की कुठला धागा तुटला हे तो न बघता सांगायचा, असं म्हणत. आरमारात आल्यावर तोच कान त्याने इंजिनांना लावला.

एकाहत्तरच्या डिसेंबरात युद्ध सुरू झालं. आम्ही अरबी समुद्रात होतो. एके दुपारी वरून हुकूम आला : स्लो. वेग कमी केला, कारण वर यंत्रांतून पाण्याखालचे आवाज ऐकणं चाललं होतं. जवळपास पाणबुडी असावी असा त्यांना संशय होता. खाली कोणी बोलेना. हातातला पाना ठेवायचा तरी तो चिंधीवर ठेवत. मग आमच्याच नौकेने पाण्यात बॉम्ब टाकले. ते खोलवर फुटले तेव्हा सगळी नौका हादरली. वरच्या पत्र्यांवरचा रंग भुरभुर खाली पडला. तेवढ्यात माझी घंटा वाजली आणि सुई ‘स्टॉप’वर गेली.

चीफ, म्हणजे खालच्या सगळ्यांचे प्रमुख, ओरडले, “इंजिन बंद!”

नत्थूचा हात दांड्यावर होता, पण तो हलला नाही. “चीफ, हा हुकूम वरून नाही आला.”

“सुई दिसत नाही का तुला?”

“सुई दिसून राहिली साहेब. पण घंटा अर्धीच वाजली. मले साखळी सरकल्यासारखी वाटते.”

युद्धाच्या वेळी हुकुमावर शंका घेणं म्हणजे काय, ते तुम्हीच विचार करा. नत्थूने बोलायच्या नळीला तोंड लावलं आणि वर विचारलं, “खाली स्टॉप दिसत आहे. स्टॉप दिला का?”

वरून उत्तर गरजत आलं, “नाही! फुल अहेड! फुल अहेड!”

नौकेने झेप घेतली. नंतर वरच्यांनी सांगितलं, की त्याच वेळी पाण्यात एक पांढरी रेघ आमच्या मागच्या टोकापासून थोड्याच अंतरावरून निघून गेली. तो टॉर्पेडो होता की नुसती लाट, यावर शेवटपर्यंत त्यांचं एकमत झालं नाही. खाली मात्र त्या दिवसापासून चीफ साहेब नत्थूला विचारल्याशिवाय माझ्या सुईवर भरवसा ठेवत नसत. खरं सांगतो, मला त्याचं वाईट वाटलं. दोष साखळीचा होता, आणि संशय माझ्या वाट्याला आला.

युद्ध संपलं. पुढे काही वर्षांनी ‘वैनगंगा’ थकली आणि तिला मोडीत काढलं. माझे बोल्ट कापले गेले. मी एका बंदराजवळच्या दुकानात जाऊन पडलो. त्या दुकानात माझ्यासारख्या पितळी वस्तूंचा ढीग होता. त्यातल्या निम्म्या कालपरवा घडवलेल्या आणि तेजाब लावून जुन्या केलेल्या होत्या. दुकानदार सगळ्यांना सारखंच खरं म्हणायचा.

तिथे एक दिवस वामनराव आले. ते आरमारातून निवृत्त झालेले अधिकारी, राहणार नागपूरच्या रामदासपेठेत. ‘वैनगंगा’वर ते कधी नव्हते, पण विदर्भातल्या नदीचं नाव असलेल्या त्या नौकेचा त्यांना अभिमान होता. त्यांनी दुकानदाराला विचारलं, “हा ‘वैनगंगा’च्या ब्रिजवरचाच ना?”

“ब्रिजवरचाच साहेब. कप्तानाच्या हातातला.”

वामनरावांचे डोळे भरून आले. त्यांनी मला नागपूरला आणलं, सागवानी घोडीवर बसवलं आणि संग्रहालयाला भेट दिलं. समारंभात मला झेंडूचे इतके हार घातले, की त्या दिवसाच्या फोटोत सगळे पाहुणे दिसतात, मी दिसतच नाही. माझ्यापुढे पाटी लागली : ‘याच टेलिग्राफवर हात ठेवून कप्तानांनी युद्धात हुकूम दिले.’ लोक पाटी वाचत आणि मला हात जोडत.

मला ते आवडायचं, मित्रांनो. मला बोलता येत नव्हतं ही गोष्ट खरी. पण बोलता आलं असतं तरी मी खरं सांगितलं असतं की नाही, याची मला खात्री नाही.

कौतुक काही वर्षं टिकलं. नंतर लोक विसरले. उन्हाळ्यात कोणीतरी माझ्यासमोरच कूलर आणून ठेवला. त्याची दमट हवा दिवसभर अंगावर येऊन मी हिरवा पडलो. दांडा हिसकून हिसकून मुलांनी माझ्या पोटातली स्प्रिंग तोडली आणि घंटा मुकी झाली.

मग धम्मानंद मेश्राम इथे देखभालीच्या कामावर आले. बोलणं कमी, हात स्वच्छ. पहिल्याच आठवड्यात त्यांनी तो कूलर ओढत खिडकीपाशी नेला. चिंचेच्या कोळाने मला घासलं, कोरड्या मलमलीने पुसलं. वीस वर्षं दर शनिवारी ते मला पुसत आले. त्यांचा हात अंगावर फिरला की मला बरं वाटे.

यंदाच्या जानेवारीत संग्रहालयात अस्मिता नावाच्या नव्या अधिकारी आल्या. वय तिशीच्या आत, पण नजर बारीक. त्या प्रत्येक वस्तूची माहिती तपासून नव्याने लिहायला लागल्या. माझी पाटी त्यांनी दोनदा वाचली. काही दिवसांनी त्यांच्याकडे एक जुना फोटो आला. युद्धाच्या काळातला, ‘वैनगंगा’च्या ब्रिजचा. त्यात कप्तान उभे होते आणि त्यांच्या हाताखाली टेलिग्राफ होता. कमरेएवढ्या उंच पितळी खांबावर बसवलेला, दोन दांड्यांचा.

अस्मिताताईंनी फोटो माझ्याशेजारी धरला. कितीतरी वेळ त्या एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, “हा तो नाही.”

त्यांनी संग्रहालय चालवणाऱ्या संस्थेचे सचिव बाबाराव उमाळे यांना बोलावलं. बाबाराव साधे व्यापारी गृहस्थ, पण संस्थेवर जीव. त्यांचा चेहरा उतरला. “मंग असली कुठी गेला? कोणी बदलला?”

“बदलला असं मी म्हणत नाही. पण बाजारात अशा नकली वस्तू खूप आहेत. आणि किल्ल्या कोणाकडे असतात?”

दोघांनीही धम्मानंदांचं नाव घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती. चार दिवसांनी माझ्यासमोरच्या कोपऱ्यात कॅमेरा लागला. धम्मानंद आले की बाबाराव बोलता बोलता थांबायचे. धम्मानंदांना काही कळलं नव्हतं, की कळूनही ते गप्प होते, हे मला ओळखता येईना.

आणि आता मी तुम्हाला माझी लाजिरवाणी गोष्ट सांगतो. मलाही त्यांचा संशय आला. मी बदललेला नाही, हे जगात फक्त मला ठाऊक होतं. तरीही आला. कारण एका सोमवारी, सुट्टीच्या दिवशी, ते एकटेच आत आले. हातात स्क्रू काढायचा पेचकस होता. त्यांनी मला उलटं केलं, मागचं झाकण उघडलं, आतून काहीतरी काढून कागदात गुंडाळलं आणि कापडी पिशवीत टाकलं. झाकण लावलं, इकडेतिकडे पाहिलं आणि गेले. वीस वर्षं पुसणारा हात शेवटी चोराचाच निघाला, असं मी मनात म्हणालो.

कॅमेऱ्यानेही तेच पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी माझ्यासमोरच त्यांची चौकशी झाली.

“काल काय काढलं गा यातून?” बाबारावांनी विचारलं.

“स्प्रिंग साहेब. तुटली होती. दुरुस्तीले दिली.”

“कोणाले?”

“मोमिनपुऱ्यात एक कारागीर आहे.”

“चल, आता जाऊ त्याच्याकडे.”

धम्मानंद म्हणाले, “दुकान बंद आहे. तो लग्नाले गावी गेला. केव्हा येईल, सांगितलं नाही.”

बाबारावांनी अस्मिताताईंकडे पाहिलं. “पाहा. सुट्टीच्या दिवशी आला, कोणाले विचारलं नाही, आता कारागीरही गायब. काहून नाही विचारलं आम्हाले?”

“विचारलं होतं साहेब. अर्ज केले होते.”

“कुठी आहेत अर्ज?”

“ऑफिसात असतील.”

“आणि असली टेलिग्राफ कुठी आहे?”

धम्मानंदांना हा प्रश्न कळलाच नाही. त्यांनी माझ्याकडे बोट केलं. “हाच तं आहे.” मग दोघांचे चेहरे पाहून त्यांच्या लक्षात आलं.  पण ते ओरडले नाहीत. कमरेचा किल्ल्यांचा जुडगा सोडून त्यांनी माझ्याजवळ ठेवला आणि पायांत चपला घालून निघून गेले. चौकशी पूर्ण होईपर्यंत त्यांनी कामावर येऊ नये, असं ठरलं. पोलिसांत जायचं की नाही, ते मिटिंगमध्ये बोलू, असं बाबाराव म्हणाले.

तीन आठवडे मला कोणी पुसलं नाही. एकदा कोणीतरी फरशीचंच ओलं फडकं माझ्यावरून फिरवलं.

एके दुपारी अस्मिताताई एक जुनं कपाट आवरत होत्या. एका फाइलमधून त्यांनी तीन कागद काढले आणि माझ्यासमोरच्या बाकावर बसून वाचले. तीनही अर्ज धम्मानंदांचे होते. पहिला अठरा वर्षांपूर्वीचा. ‘टेलिग्राफची स्प्रिंग तुटली आहे. मुले दांडा फिरवितात पण घंटा वाजत नाही. मुले निराश होतात. दुरुस्तीची परवानगी मिळावी.’ पुढचे दोनही तसेच. एकावरही कोणाचा शेरा नव्हता, सही नव्हती.

अस्मिताताईंनी कागद मांडीवर ठेवले आणि डोळे मिटून बसल्या. मलाही कुठे बघावं कळेना.

त्या संध्याकाळपासून त्यांनी फोन सुरू केले. माजी सैनिकांच्या संघटनेकडून त्यांना एक नाव मिळालं. पुढच्या आठवड्यात उमरेडच्या एसटीने एक म्हातारा माणूस नातीच्या हाताला धरून आला. पाठ वाकलेली, कानात यंत्र. मी त्याला चालीवरून ओळखलं. नत्थू निमजे! मला बोलता आलं असतं तर मी आधी त्यालाच हाक मारली असती.

बाबारावही आले होते. अस्मिताताईंनी पाटी वाचून दाखवली आणि विचारलं, “आजोबा, तुम्ही ‘वैनगंगा’वर होतात. हा तोच टेलिग्राफ आहे का?”

नत्थूने दुरूनच पाहिलं. ब्रिजचा फोटो पाहिला. मान हलवली. “नाही. हा तो नाही.”

“म्हटलं नव्हतं मी?” बाबारावांनी कपाळाला हात लावला. “बदललाच त्यानं!”

 नत्थूनेच मला ओळखलं नाही, तर आणखी कोण ओळखणार?

पण नत्थू जवळ येत होता. “दीप्ती, जरा चष्मा दे वं,” तो नातीला म्हणाला. चष्मा लावून त्याने तळहात माझ्या तबकडीवर ठेवला. मग पाठीमागे हात नेला आणि चाचपत राहिला.

“ताई, हा फोटोतला नाही. तो वरचा. हा खालचा आहे. इंजिनाजवळचा. हा आमचा आहे!”

“कशावरून?” अस्मिताताईंनी विचारलं. आवाज शांत होता, पण त्यांना पक्की खात्री हवी होती.

“वरचा खांबावर उभा राहे. हा भिंतीले होता. मागं बोल्टची चार भोकं पाहा. आणि झाकणाचे स्क्रू पाहा. डाव्या अंगाचा खालचा लोखंडी असंल, बाकी सगळे पितळी. मूळचा हरवला होता, मीच दुसरा ठोकला.”

अस्मिताताईंनी मोबाइलचा उजेड माझ्या पाठीवर पाडला. चार भोकं होती. खालचा डावा स्क्रू काळाभोर लोखंडी होता.

 मग बाबाराव अडखळत म्हणाले, “मंग कप्तानसाहेबांचा हात...?”

नत्थू हसला. “कप्तानसाहेब खाली कधी उतरलेच नाही जी. त्या गरमीत दहा मिनिटं टिकले नसते.” मग तो मुलासारखा म्हणाला, “याची घंटा तं वाजवून दाखवा.”

“वाजत नाही,” अस्मिताताई म्हणाल्या. आणि त्यांनी सगळं सांगितलं. अर्ज, स्प्रिंग, कॅमेरा, किल्ल्या. काही लपवलं नाही.

नत्थूने माझ्यावरचा हात काढला. “मले इथी कशाले बोलावलं मंग? त्या माणसाले बोलवा पहिले.”

त्याच दिवशी बाबाराव आणि अस्मिताताई धम्मानंदांच्या घरी गेले. तिथे काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. चौथ्या दिवशी धम्मानंद आले. कारागीर गावाहून परतला होता. त्यांनी कागदाची पुडी उघडली आणि दुरुस्त केलेली स्प्रिंग माझ्या पोटात बसवली. दांडा फिरवला. मित्रांनो, कितीतरी वर्षांनी माझी घंटा वाजली! अस्मिताताईंनी उमरेडला फोन लावून तो माझ्याजवळ धरला. पलीकडून नत्थूचा आवाज आला, “आणखी एकदा.” धम्मानंदांनी पुन्हा दांडा फिरवला.

बाबाराव सगळ्यांदेखत म्हणाले, “धम्मानंद, माही चूक झाली गा. माफ कर.”

“ठीक आहे साहेब,” धम्मानंद म्हणाले आणि हात पुसायला फडकं शोधू लागले.

माझी पाटी बदलली. आता तिच्यावर मी इंजिनाजवळचा आहे असं स्पष्ट लिहिलं आहे. कप्तानांचा हात गेला, तसे हात जोडणारेही कमी झाले. मला त्याचं दुःख नाही. खोट्या नावाने मिळणारा नमस्कार मी पुष्कळ वर्षं घेतला. पाटी खरी असती, तर त्या फोटोवरून कोणी धम्मानंदांकडे बोट केलं नसतं.

आता सगळं पूर्वीसारखं झालं, असं तुम्हाला वाटेल. मलाही तसंच वाटलं होतं. पण पहिल्याच संध्याकाळी, घरी जाताना, धम्मानंद दारात थांबले. त्यांनी आपली कापडी पिशवी उघडली, डबा बाहेर काढला, पिशवी उलटी करून अस्मिताताईंना दाखवली आणि डबा परत ठेवला.

“दादा, हे काय करता? कोणी मागितलं का तुम्हाला?”

“असू द्या ताई.”

दुसऱ्या दिवशीही त्यांनी तेच केलं. तिसऱ्या दिवशीही. बाबारावांनी एकदा त्यांचा हात धरला, हात सोडवून घेऊन त्यांनी पिशवी उघडलीच. आज पाच महिने झाले. दर शनिवारी ते मला पुसतात, तितक्याच हळुवार हाताने. आणि दर संध्याकाळी दारात पिशवी उलटी करतात. अस्मिताताई त्या वेळी खाली मान घालून उभ्या असतात.

माझ्यावरचा हिरवा डाग चिंचेच्या कोळाने निघाला होता. धम्मानंदांच्या मनाला काय लावायचं, ते इथे कोणालाच सुचत नाही.

मित्रांनो, तुम्ही कधी सदरला आलात तर मला भेटायला या. माझा दांडा हवा तितका फिरवा, फक्त हिसकू नका. आणि निघताना दारात एक माणूस पिशवी उघडून उभा दिसला, तर आत डोकावू नका. त्याच्या चेहऱ्याकडे बघा, नमस्कार करा आणि मग घरी जा.